‘होऊन जाईल ताई’ म्हणजे नेमके किती टक्के?

वाचकाचं पत्र

वकीलताई, नमस्कार.

आमचं डोंबिवली पूर्वेला १९९८ सालच्या सोसायटीत टू बीएचके घर. यजमान गेल्यावर एकटीने राहणं जमेना, म्हणून ते विकून मुलीजवळ नाशिकला जायचं ठरवलं. बिल्डिंगच्या खालीच एका एजंटचं ऑफिस आहे. जाता-येता दहा वर्षांची ओळख, मी त्याला भाऊ म्हणते. नवरात्राच्या आधी त्याला घर विकायचंय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ‘ताई, दोन टक्के चालतं आपल्याकडे.’ मी म्हटलं, ‘मी एकच देईन हं.’ तो हसला, म्हणाला, ‘होऊन जाईल ताई, आधी पार्टी तर येऊ दे.’ एवढंच बोलणं. कागद काही केला नाही. घराची एक किल्ली त्याला दिली, आणि ‘बँकेला दाखवायला लागेल’ म्हणाला म्हणून सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद, म्हणजे मूळ शेअर सर्टिफिकेटही दिलं.

ऑक्टोबरमध्ये त्याने एक जोडपं आणलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा सोबत मुलाची आई होती. मी ६८ लाख सांगितले होते. ते ६२ म्हणाले, मग ६४. मी नाही म्हटलं. डिसेंबरमध्ये भाऊला सांगितलं, आता थांबू या, उन्हाळ्यात बघू. जानेवारीत दुसऱ्याच एका एजंटचा फोन आला, पार्टी आणतो म्हणून. दार उघडलं तर तेच जोडपं! ती मुलगी म्हणाली, ‘काकू, आम्ही त्या एजंटला सोडलंय.’ ६६ लाखांत ठरलं. फेब्रुवारीत साठेकरार, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, रजिस्टर झाला. त्या दिवशी दुसऱ्या एजंटने एक टक्का मागितला, मी ६६ हजारांचा चेक दिला.

आता खालच्या भाऊला कळलंय. त्याने मेसेज केला आहे: दोन टक्के अधिक जीएसटी, १,५५,७६० रुपये. तोवर शेअर सर्टिफिकेट मिळणार नाही, आणि ‘सोसायटीत ट्रान्सफर कसं होतं ते बघतोच.’ खरेदीदारांची बँक मूळ सर्टिफिकेट पाहिल्याशिवाय उरलेले पैसे सोडत नाही. जावई म्हणतात, लेखी काही नाही ना, मग एक पैसा देऊ नका, उलट महारेराकडे, म्हणजे बिल्डर-एजंटांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करा. शेजारच्या वहिनी म्हणतात, सर्टिफिकेट हरवलं म्हणून पोलिसांत लिहून द्या आणि डुप्लिकेट काढा. मी काय करू?

एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, आधी शेजारच्या वहिनींचं उत्तर देते, कारण ते आजच्या आज थांबवायला हवं. सर्टिफिकेट हरवलेलं नाही. ते कुठल्या टेबलाच्या कुठल्या खणात आहे हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यालाही. हरवल्याची खोटी नोंद कराल, सोसायटीला प्रतिज्ञापत्र द्याल, आणि आठ दिवसांनी तो मूळ सर्टिफिकेट घेऊन सेक्रेटरीसमोर उभा राहील. आज हा पैशांचा वाद आहे आणि त्यात तुमची बाजू बऱ्यापैकी आहे. त्या दिवशी तुम्ही खोटं प्रतिज्ञापत्र करणाऱ्या व्हाल. तो रस्ता सोडा.

आता जावईबापूंचं. लेखी नाही म्हणजे काहीच नाही, असं मानणारे तुमचे जावई एकटेच नाहीत. घर विकायचं तर कागद लागतो, तो रजिस्टर करावा लागतो, हे आपल्याला इतकं पाठ आहे की घराशी संबंधित प्रत्येक गोष्टीला कागद लागतो असं वाटायला लागतं. घराची खरेदी-विक्री तोंडी होत नाही. पण ‘माझ्या घराला गिऱ्हाईक आणा, मी दलाली देईन’ हा वेगळा करार आहे, आणि १८७२ सालच्या भारतीय करार कायद्यानुसार तो तोंडी होऊ शकतो. दोघांची समजूत एक असली, मोबदला ठरला, काम कायदेशीर असलं की पुरे. किल्ली तुम्ही स्वतःच्या हाताने दिलीत. त्याने आणलेल्या लोकांना चहा दिलात. ‘मी त्याला नेमलंच नव्हतं’ असं म्हणायला तुम्हाला आता जागा नाही, आणि तुम्ही तसं म्हणू नये असं माझं मत आहे.

मी हे जरा ठासून सांगते आहे, त्यामागे माझा स्वतःचा एक फटका आहे. साताऱ्याचं वडिलांचं जुनं घर विकताना मी तिथल्या एका दलालाला फोनवर म्हटलं होतं, ‘मला माझा आकडा हातात द्या, वरचे तुमचे.’ वकिलीची सनद घेऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती, तरी हे वाक्य तोंडातून गेलं. घर माझ्या आकड्याच्या अडीच लाख वर गेलं. चेक माझ्या नावाने, पूर्ण रकमेचा. रजिस्ट्रेशन झाल्यावर तो कचेरीच्या पायरीवर थांबला होता. ‘मॅडम, वरचे?’ एवढंच म्हणाला. मी दिले. बँकेतून दिले, पावती घेतली, रात्रभर चडफडले. पण दिले, कारण बोलले होते.

तेव्हा तुमच्या बाबतीत खरे प्रश्न दोन: किती ठरलं होतं, आणि ते देणं लागू झालं का?

किती ठरलं, याबद्दल तुमच्या पत्रातलं संभाषण मी तीनदा वाचलं. तो म्हणाला दोन, तुम्ही म्हणालात एक, तो हसला आणि म्हणाला ‘होऊन जाईल’. आपल्याकडचे अर्धे व्यवहार या ‘होऊन जाईल’वर होतात, आणि भांडणंही. याचा अर्थ ‘एक मान्य’ असाही होतो आणि ‘आत्ता कशाला वाद, नंतर बघू’ असाही. नुसतं एवढंच असतं तर मी म्हटलं असतं की दर ठरलाच नाही, आणि मग कोर्ट वाजवी काय ते बघतं. डोंबिवलीत एका बाजूकडून एक ते दोन टक्के अशी पद्धत आहे, हे तोही सांगेल आणि त्याचे चार व्यवसायबंधूही येऊन सांगतील.

पण तुम्ही पत्रासोबत फोनचे स्क्रीनशॉट पाठवलेत आणि पत्रात त्यांचा उल्लेखही केला नाहीत! २ ऑक्टोबरला सकाळी तुम्ही त्याला लिहिलंय, ‘भाऊ पार्टी आज येणार ना? आणि एक टक्का नक्की ना आपलं.’ त्यावर त्याचा अंगठा. खाली त्याचाच मेसेज, ‘११ वाजता आणतो.’ तो अंगठा पार्टी येण्याला होता की एक टक्क्याला, यावर एखादा वकील दोन तारखा घालवेल, पण वाचणाऱ्याला त्यातून एकच अर्थ लागतो. विचारलं, त्याने नाही म्हटलं नाही, आणि त्याच दिवशी पार्टी घेऊन आला. दोन टक्क्यांचा दावा इथे लंगडा पडतो.

म्हणून तो फोन जपा. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन आणि त्यातलं मूळ संभाषण असलं की ते देणं सोपं जातं. नवीन फोन घ्यायचा विचार असेल तर हे मिटेपर्यंत थांबा. नातवाला गेम खेळायला तो फोन देऊ नका, हेही सांगून ठेवते.

जीएसटीचं लगेच उरकते. तो जीएसटीखाली नोंदलेला असेल तर १८ टक्के लावू शकतो, पण मग बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक हवा. क्रमांक नसेल तर तुमच्याकडून जीएसटी म्हणून रुपयाही घ्यायचा त्याला अधिकार नाही. त्याला एवढंच विचारा, ‘भाऊ, बिल पाठवा, नंबर टाकून.’ बहुतेक वेळा जीएसटीचे ते १८ टक्के तिथेच गळून पडतात.

आता दुसरा प्रश्न. यात तुमची बाजू तुम्हाला वाटते तितकी भक्कम नाही.

करार कायद्याचं कलम २१९ सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्यावर लागू होतो. नुसतं घर दाखवलं, चार माणसं आणली, म्हणून दलाली लागत नाही. गिऱ्हाईक मिळून व्यवहार व्हायला हवा, आणि तो त्याच्या खटपटीमुळे झालेला हवा. कोर्टात भांडण होतं ते या शेवटच्या गोष्टीवर. ओळख करून दिली एकाने, जुळवून दिलं दुसऱ्याने. श्रेय कोणाचं?

तुमच्या बाजूने असं म्हणता येतं की त्याची बोलणी ६४ वर तुटली. तुम्ही डिसेंबरमध्ये त्याला थांबायला सांगितलंत. मध्ये महिनाभर काहीच घडलं नाही. मग दुसऱ्या माणसाने नव्याने बोलणी सुरू केली आणि दोन लाखांची तफावत भरून काढली.

त्याच्या बाजूने असं म्हणता येतं की या जोडप्याला त्या घराचा उंबरा त्याने दाखवला. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा सासूबाई आल्या, म्हणजे घर मनात भरलं होतं. ६२ चे ६४ त्याने करून आणले. डिसेंबरमध्ये तुम्ही ‘थांबू या’ म्हणालात, ‘तुमचं काम संपलं, किल्ली आणि कागद परत द्या’ असं म्हणाला नाहीत. किल्ली जानेवारीतही त्याच्याच ड्रॉवरमध्ये होती. आणि मग तुम्ही तेच गिऱ्हाईक दारात बघितलंत, ओळखलंत, आणि दोन जिने खाली बसलेल्या माणसाला सांगितलं नाहीत.

ताई, हे शेवटचं मला खटकलं, आणि न्यायाधीशालाही खटकेल. ‘आम्ही त्या एजंटला सोडलंय’ असं ती मुलगी म्हणाली, तो त्यांचा आणि त्याचा मामला. तुमचं आणि त्याचं बोलणं त्याने संपत नाही. मालक आपल्या एजंटला केव्हाही थांबवू शकतो, त्यासाठी कागदही लागत नाही. पण त्याने आणलेल्या गिऱ्हाइकाशी त्याच्या पाठीमागे व्यवहार करून दलाली वाचवायची, हे कायद्याला चालत नाही. तुम्ही पैसे वाचवायला हे केलं नाहीत हे मी मानते, कारण तुम्ही एक टक्का दुसऱ्याला दिलातच. बाहेरून बघणाऱ्याला मात्र ते तसं दिसू शकतं.

आणि त्या दुसऱ्याबद्दल बोलायलाच हवं. तो खरेदीदारांचा माणूस. त्याचं-तुमचं दलालीबद्दल आधी काही बोलणं झालं होतं का? पत्रावरून तरी नाही. रजिस्ट्रेशनच्या दिवशी, सगळे फोटो काढून, अंगठे देऊन बाहेर पडत असताना त्याने हात पुढे केला आणि तुम्ही चेक फाडलात, कारण ‘सगळेच देतात’. त्याने खरेदीदारांकडूनही घेतले असणारच. म्हणजे ज्याचं देणं कच्चं होतं त्याला तुम्ही पूर्ण दिलंत, आणि ज्याचं निदान अर्धं तरी पक्कं आहे त्याला शून्य. ते ६६ हजार कायद्याने परत मागणं अवघड आहे, तुम्ही खुशीने दिले असंच दिसतं. पण एजंट लोकांत एकाच व्यवहाराची दलाली वाटून घ्यायची पद्धत असते, त्याला ते ‘शेअरिंग’ म्हणतात. दुसऱ्या एजंटला फोन करून सांगा की पहिला एजंट याच पार्टीवर हक्क सांगतोय, तुम्ही दोघं बसून बोला. त्यांना एकमेकांशी अजून पन्नास व्यवहार करायचे असतात. त्यातून काही निघालं तर तुमच्या खिशातलं तेवढं कमी जाईल. निघेलच असं धरून मात्र चालू नका.

महारेराचं काय? रेरा कायद्याचं कलम ९ एजंटची नोंदणी सक्तीची करतं ती रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्यांसाठी. तुमची इमारत १९९८ ची, कायदा २०१६ चा. जुन्या सोसायटीतल्या पुनर्विक्रीच्या दलालीचं भांडण त्या दारात फारसं चालणार नाही. तो महारेरात नोंदलेला एजंट आहे का हे त्यांच्या वेबसाइटवर बघायला हरकत नाही, नोंदणी क्रमांक ‘ए’ अक्षराने सुरू होतो. नोंदणी असलेल्याला ती गमवायची भीती असते, बोलण्याचा सूर बदलतो. जावईबापूंच्या तक्रारीतून याहून जास्त निघेल असं मला वाटत नाही.

आता अडकलेलं सर्टिफिकेट. इथे मला तुम्हाला एक अप्रिय गोष्ट सांगायची आहे. करार कायद्याचं कलम २२१ एजंटला असा हक्क देतं की मालकाने त्याच्याकडे दिलेले कागद, वस्तू, मालमत्ता तो त्याच कामाची दलाली मिळेपर्यंत धरून ठेवू शकतो, वेगळं काही ठरलं नसेल तर. तुमचं काय ठरलं होतं? ‘बँकेला दाखवायला’ दिलं होतं. त्या एका कामासाठी दिलेला कागद दलालीसाठी अडकवता येणार नाही, असा युक्तिवाद मी नक्की करेन. पण तो कोर्टात करायचा युक्तिवाद आहे, आणि तुमच्या खरेदीदारांची बँक कोर्टाच्या निकालासाठी थांबणार नाही. साठेकरारात उरलेली रक्कम देण्याची मुदत असेल. ती चुकली तर खरेदीदार तुमच्याकडे बोट दाखवतील. पोलिसांत गेलात तर हवालदार दोन्हीकडचं ऐकून ‘हे दिवाणी आहे’ म्हणेल, आणि त्याचं फारसं चुकणार नाही.

‘सोसायटीत ट्रान्सफर होऊ देत नाही’ ही धमकी मात्र पोकळ आहे. दलालीची थकबाकी हे त्याचं तुमच्याकडे असलेलं पैशाचं मागणं आहे. घरावर त्याचा बोजा चढत नाही. अध्यक्ष त्याच्या ओळखीचे असले तरी बाहेरच्या माणसाच्या दलालीसाठी सोसायटीला सभासदत्वाचा अर्ज अडवता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि खुसपट काढलंच तर उपनिबंधकांकडे जाता येतं. घर नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ते हस्तांतर अधिमूल्यही २५ हजारांच्या वर मागता येत नाही, हे जाता जाता. आणि माणसं आणून दारात उभी केली, शिवीगाळ केली, तर तो वेगळा विषय. तेव्हा तारीख-वेळ लिहून पोलिसांत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तो कोर्टात गेला तर? करार लेखी नसल्यामुळे त्याला झटपट निकालाचा समरी दावा लावता येणार नाही. कल्याणच्या कोर्टात साधा दिवाणी दावा लावावा लागेल, कोर्ट फी भरावी लागेल, आणि काय ठरलं होतं आणि व्यवहार आपल्यामुळेच झाला हे दोन्ही त्यालाच सिद्ध करावं लागेल. त्याच्याकडे तीन वर्षांची मुदत आहे. तो हरेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सुप्रीम कोर्टापुढे १९५० साली कलकत्त्यातल्या एका घराचं असंच प्रकरण आलं होतं. गिऱ्हाईक शोधायला सांगणं म्हणजे मालकाच्या वतीने करार करायचा अधिकार देणं नव्हे, असं कोर्टाने तेव्हा स्पष्ट केलं, पण दलालाला दलाली मिळाली. त्याच्याकडे निदान मालकाने दिलेलं पत्र होतं. तुमच्या भाऊकडे एक अंगठा आहे, तोही तुमच्या बाजूचा.

एवढं सगळं मांडून माझा सल्ला असा की मिटवा. १,५५,७६० वर नाही आणि शून्यावरही नाही. बोलणी ६६ हजारांपासून खाली सुरू होतात, कारण एक टक्क्याच्या वरचं काही ठरल्याचा पुरावा नाही. त्याने अर्ध्याहून थोडं जास्त काम केलं असं मी धरते. चाळीस हजार म्हणा, पन्नासपर्यंत जा. तो ६६ वरच अडून बसला आणि तुमच्या बँकेची मुदत दोन दिवसांवर आली असेल, तर दिलेले बरे. साठेकरार मोडला तर जाणारी रक्कम याच्या कितीतरी पट असेल.

आधी त्याला व्हॉट्सअॅपवर हे पाठवा, जसंच्या तसं:

‘भाऊ, नमस्कार. हा निरोप फक्त तडजोडीसाठी आहे, यात कोणत्याही मागणीची कबुली नाही. वाद वाढू नये म्हणून मी चाळीस हजार रुपये बँकेतून द्यायला तयार आहे. त्याच वेळी मूळ शेअर सर्टिफिकेट आणि किल्ली परत हवी. शुक्रवारपर्यंत कळवा.’

पहिली ओळ गाळू नका. ती नसली तर उद्या हाच मेसेज ‘बघा, ताईंनी देणं मान्य केलं’ म्हणून तुमच्याच विरुद्ध वाचला जाईल. आणि फोनवर बोललात तरी नंतर दोन ओळी लिहून पाठवा: ‘आत्ता फोनवर असं बोलणं झालं.’ हे सप्टेंबरमध्ये केलं असतं तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं, पण मीही साताऱ्याला ते केलं नव्हतं.

भेट त्याच्या ऑफिसात नको. तुमच्या घरी किंवा सोसायटीच्या ऑफिसात घ्या, सोबत एक माणूस असू द्या. जावई सोडून कोणीही, ते तापट दिसतात. पैसे चेकने किंवा खात्यातून, रोख अजिबात नाही. तो म्हणेल, ‘ताई, रोखीत द्या, थोडं कमी करतो.’ मोहात पडू नका. घर विकल्यावर भांडवली नफ्याचा हिशोब होतो तेव्हा विक्रीसाठी दिलेली दलाली त्यातून वजा करता येते. त्यासाठी बिल आणि बँकेची नोंद लागते. दुसऱ्या एजंटकडूनही त्या ६६ हजारांचं बिल आजच मागून घ्या. (गंमत म्हणजे खरेदीदारांनी तुमच्या रकमेतून टीडीएस कापला असेल तोही एक टक्का, म्हणजे बरोब्बर ६६ हजारच. तो तुमच्या नावावर जमा दिसतोय का ते सीएंकडून बघून घ्या. त्याचा आणि दलालीचा घोळ घालू नका.)

पावतीवर त्याची सही अशा मजकुरावर घ्या: ‘सदर सदनिकेच्या विक्रीबाबत रुपये अमुक मला अंतिम व पूर्ण मोबदला म्हणून मिळाले. याव्यतिरिक्त विक्रेत्यांकडून माझी कोणतीही दलाली, खर्च अथवा मागणी येणे नाही. मूळ शेअर सर्टिफिकेट व सदनिकेची किल्ली आज परत केली.’ खाली तारीख, सही, त्याच्या फर्मचा शिक्का, आणि सोबतच्या माणसाची साक्षीदार म्हणून सही. बोलणी फिसकटली आणि वकिलाची नोटीस आलीच, तर ती खणात टाकू नका, उत्तर द्या. कल्याणच्या तालुका विधी सेवा समितीकडे दावा दाखल होण्याआधीही लोकअदालतीसाठी अर्ज करता येतो. तिथे कोर्ट फी नसते आणि तडजोड झाली की तिच्यावर अपील नसतं. पण वेळ जातो, आणि तुमच्याकडे वेळ कमी आहे.

नाशिकला तुम्ही आता खरेदीदार म्हणून एजंट गाठाल. पहिल्या भेटीनंतर घरी येऊन त्याला एक मेसेज टाका: तुम्ही किती टक्के घेणार, कोणत्या आकड्यावर, टोकनला की खरेदीखताच्या दिवशी, विकणाऱ्याकडूनही घेणार आहात का, आणि आज दाखवलेली घरं ही, हीच तुमची. प्रत्येक फेरीनंतर घरांची यादी. त्याने अंगठा दाखवला तर ‘हो की नाही ते लिहा’ म्हणून परत विचारा. मूळ कागद कोणाच्याही हाती नको, झेरॉक्स द्या. कोणी ‘टोकन माझ्याकडे द्या, मी पोचवतो’ म्हणालं तर चेक घरमालकाच्या नावाने काढा.

आणि एक बाकी राहिलं. सर्टिफिकेट हातात आलं की पैसे देण्याआधी ते उलटं करून मागची बाजू बघा. हस्तांतराच्या नोंदी तिथे असतात. यजमानांच्या नंतर तुमचं एकटीचं नाव लागल्याची नोंद, तारीख आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या आहेत का ते तपासा. बँकेचा वकील आधी तीच बाजू बघतो. नोंद नसेल तर त्याच संध्याकाळी सेक्रेटरींकडे जा, आणि मला लिहा.